सुलतान, केळं आणि काठी : गेस्टाल्ट मानसशास्त्र, घोकंपट्टीशिवाय

सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आला आणि शाळाशाळांच्या स्टाफरूममधल्या गप्पांचा विषयच बदलला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं लागणार. ठाण्यात, कळव्यात, वाशी-नेरूळला वीस-पंचवीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिलेली माणसं आता पुन्हा गाईड घेऊन बसली आहेत. पेपरात ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला. त्यात हमखास भेटणारी जोडी म्हणजे 'गेस्टाल्ट : वेर्टहायमर, कोफ्का, कोहलर' आणि 'मर्मदृष्टीमूलक अध्ययन : कोहलर, सुलतान नावाचा चिंपांझी'.

गंमत अशी, की ज्या मानसशास्त्रज्ञांनी न समजता पाठ करण्यावर एवढी टीका केली, त्यांचीच नावं आता पाठ करायची वेळ आली आहे. परीक्षा देणाऱ्यांनी ती जरूर करावीत, गुण मिळतील. पण त्या एका ओळीमागे नेमकं काय आहे, हे ज्यांना टीईटीशी काही देणंघेणं नाही त्यांनीही वाचावं असं आहे. आपण बघतो कसं आणि अडतो कुठे, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, असा या मंडळींचा दावा होता. माझ्या मते तो बऱ्याच अंशी टिकला आहे.

त्याआधी काय मानत होते?

विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीत लायपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. तेव्हा रसायनशास्त्राचा दबदबा होता. पदार्थाचे घटक शोधले की पदार्थ कळतो, तसेच मनाचेही घटक असतील, हा त्या काळचा सरळ विचार. डोळ्याला रंगाचे आणि उजेडाचे ठिपके मिळतात, मन ते जोडतं आणि मग चित्र तयार होतं, असं मानलं जाई.

याला पहिला सुरुंग लागला तो गाण्यातून. ऑस्ट्रियाचे क्रिस्टियान फॉन एरेनफेल्स यांनी १८९० मध्ये एक साधी गोष्ट मांडली. आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. गडकरी रंगायतनात एखादं नाट्यगीत काळी एकमध्ये झालं आणि दुसऱ्या दिवशी गायिकेने तेच पांढरी पाचमध्ये म्हटलं, तर पेटीवर दाबलेल्या पट्ट्या जवळजवळ सगळ्या बदलतात. तरी पहिल्या ओळीलाच प्रेक्षक गाणं ओळखतो. उलट त्याच पट्ट्या, तेवढ्याच वेळा, पण वेगळ्या क्रमाने वाजवल्या तर गाणं उरतच नाही. म्हणजे चाल सुटे घटक मोजून सापडत नाही. ती घटकांच्या आपसातल्या नात्यात असते. या नात्यातून उभ्या राहणाऱ्या आकाराला, रचनेला जर्मनमध्ये 'गेस्टाल्ट' म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला समष्टिवाद म्हटलं आहे. इथून पुढे मी 'रचना' एवढाच शब्द वापरेन.

इंडिकेटरवरची अक्षरं सरकतच नाहीत

ठाणे स्थानकाच्या फलाटावर इंडिकेटरखालून सूचनेची ओळ सरकत जाते ना? ती सरकत नाही. तिथला प्रत्येक दिवा आपल्या जागी घट्ट बसलेला आहे. एक विझतो, शेजारचा लागतो, बस्स. गणपतीच्या मांडवावर 'धावणाऱ्या' माळांचंही तेच. हलत काहीच नाही आणि आपल्याला मात्र हालचाल स्वच्छ दिसते. 'दिवे लागले-विझले, म्हणून हालचाल असावी' असा अंदाज आपण बांधत नाही. थेट दिसतेच.

माक्स वेर्टहायमर १९१० मध्ये व्हिएन्नाहून सुट्टीसाठी रेल्वेने निघाले होते. वाटेत याच प्रश्नाने त्यांना पछाडलं. ते फ्रँकफर्टला उतरले आणि चित्रं हलती भासवणारं एक खेळणं त्यांनी विकत घेतलं. पुढे विद्यापीठातल्या प्रयोगांत दोन रेघा पाळीपाळीने दाखवल्या. मध्ये साधारण सेकंदाचा पाचवा भाग एवढा वेळ गेला की एकीमागून दुसरी दिसते. तीसेक हजारांश सेकंद एवढंच अंतर ठेवलं की दोन्ही एकदमच. आणि मध्ये कुठेतरी, साठेक हजारांश सेकंदांच्या आसपास, एकच रेघ इकडून तिकडे जाताना दिसते. बघायला बसलेल्यांत वोल्फगांग कोहलर आणि कुर्ट कोफ्का हे दोघे होते. १९१२ मध्ये हा निबंध छापून आला आणि तिथून या पंथाची सुरुवात धरतात.

मुद्दा असा, की सुटे ठिपके 'जोडून' हालचाल मिळत नाही, कारण त्या ठिपक्यांपैकी एकातही हालचाल नाही. मन आधी रचना पकडतं. तुकडे आपण मागाहून, मुद्दाम लक्ष देऊन वेगळे करतो.

ठिपक्यांची रांगोळी आणि येऊरचा बिबट्या

मग मन रचना पकडतं कशाच्या आधारावर? वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये याचे नियम मांडले. गाईडमध्ये त्यांची यादी असते, पण यादीपेक्षा बघून लवकर कळतं. हे पाहा :

•• •• •• ••

आठ ठिपके आहेत, पण तुम्हाला चार जोड्या दिसल्या. कुणी सांगितलं नव्हतं. जवळचे ते एकत्र, हा समीपतेचा नियम. ठिपक्यांच्या रांगोळीत तर आपण हे रोज वापरतो. कागदाने ठिपके काढले की ओळी-रांगा दिसतात. त्यातल्या काहींत एकच रंग भरला की रांगा मोडतात आणि त्या रंगाची फुलं वर येतात. सारखे ते एकत्र, हा साधर्म्याचा नियम समीपतेला मागे सारतो. रेघ मध्येच पुसट झाली तरी पाकळी पूर्णच दिसते, कारण अपुरा आकार मन पुरा करून घेतं. आणि दोन वेली एकमेकींना छेदून गेल्या तर छेदापाशी वळण्यापेक्षा प्रत्येक वेल आपल्या वळणाने पुढे गेलेली दिसते.

मला सगळ्यात आवडतो तो एकत्र हलणाऱ्या गोष्टींचा नियम. येऊरच्या जंगलात वाळक्या पाचोळ्यावर बिबट्या निश्चल बसला असेल तर नजर त्याच्यावरून जाऊनही तो दिसत नाही. त्याच्या अंगावरचे ठिपके आजूबाजूच्या ऊन-सावलीत मिसळलेले असतात. पण तो पाऊलभर सरकला की एका क्षणात अख्खा बिबट्या समोर उभा. ठिपके तेच, रंग तोच. एवढंच झालं, की काही ठिपके एकाच वेळी, एकाच दिशेने हलले. बरोबर हलणारे ते एकाच वस्तूचे, हे गणित मन आपसूक करतं. शिकार होऊ शकणाऱ्या हरणाला हे गणित उशिरा सुटून चालणार नाही.

या यादीत भर पडतच राहिली. स्टीफन पामर आणि आयर्विन रॉक यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की एकमेकांना जोडलेल्या गोष्टी आपण एक वस्तू म्हणून बघतो आणि ही जोडणी समीपतेवरही मात करते. देवनागरी वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शिरोरेघ शब्दाला एकत्र बांधून ठेवते. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीत ती दोन शब्दांवरून सलग गेली की वाचताना आपण अडखळतोच.

'चित्रात आधी काय दिसलं?' यावरून स्वभाव कळतो का?

नाही. आडपडदा न ठेवता सांगायचं तर हा धंदा आहे. डेन्मार्कचे एडगर रुबिन यांचं १९१५ चं चित्र सगळ्यांनी पाहिलंय : मध्ये फुलदाणी, नाहीतर समोरासमोर दोन चेहरे. व्हॉट्सअॅपवर त्याची भावंडं फिरतात आणि आधी चेहरे दिसले तर तुम्ही 'भावनाप्रधान' ठरता. रुबिन यांना सांगायचं होतं ते वेगळंच. दृश्यात एक भाग आकृती बनतो आणि बाकीचा मागे जाऊन पार्श्वभूमी होतो. मधली कड एका वेळी एकाच बाजूची असते. फुलदाणीची असेल तेव्हा चेहऱ्यांची नसते, म्हणून दोन्ही एकाच वेळी आकृती म्हणून दिसत नाहीत. आधी काय दिसेल हे नजर कुठे पडली, कुठला भाग लहान आणि बंदिस्त आहे, त्याआधी काय पाहिलं होतं, अशा गोष्टींवर ठरतं. त्याचा स्वभावाशी संबंध जोडायला काही आधार नाही.

जाता जाता, 'गेस्टाल्ट थेरपी' नावाची समुपदेशनाची पद्धतही वेगळी आहे. ती नंतर फ्रिट्झ पर्ल्स आणि सहकाऱ्यांनी काढली. नाव घेतलं, प्रयोगशाळेतलं काम फारसं घेतलं नाही.

आता सुलतान

बघण्यावरून विचार करण्याकडे ही मंडळी कशी वळली, ते तेनेरिफ बेटावर कळतं. कोहलर १९१३ मध्ये तिथल्या वानर-संशोधन केंद्रावर गेले, पहिलं महायुद्ध पेटल्यावर तिथेच अडकले आणि १९२० पर्यंत राहिले. त्याआधी अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना पेटीत कोंडून प्रयोग केले होते. मांजर धडपडतं, चुकून खटका दाबला जातो, दार उघडतं आणि हळूहळू चुका कमी होतात. कोहलर यांचं म्हणणं असं, की त्या पेटीत मांजराला खटका आणि दार यांचं नातं दिसतच नाही. मग ते शहाणपणा दाखवणार कुठून? म्हणून त्यांनी सगळं सामान डोळ्यांसमोर ठेवलं : गजांपलीकडे केळं, अलीकडे बांबूच्या दोन नळ्या, एकटी कुठलीच पुरत नाही.

गाईडमध्ये लिहिलेलं असतं, 'सुलतानने अचानक दोन काठ्या जोडल्या.' प्रत्यक्षात काय झालं ते कोहलर यांनीच लिहून ठेवलंय. सुलतान तासाभराहून जास्त वेळ झटला. एका नळीने दुसरी पुढे ढकलून ती केळ्याला टेकवली, पण त्याचा उपयोग शून्य. मध्ये कोहलर यांनी एका नळीच्या भोकात स्वतःचं बोट घालून त्याला दाखवलं, तरी त्याच्या डोक्यात उजेड पडला नाही. शेवटी ते निघून गेले आणि राखणदार तेवढा राहिला. सुलतान नाद सोडून खोक्यावर बसला आणि नळ्यांशी चाळा करू लागला. खेळता खेळता दोन्ही हातांतल्या नळ्या एका रेषेत आल्या. बारीक नळी त्याने जाडीच्या तोंडात थोडी सरकवली, आणि उडी मारून तो गजांकडे पळालाच.

जोड लागला तो खेळताना, निम्मा योगायोगाने. मात्र जोड लागताक्षणी तो केळ्याकडे धावला, हे महत्त्वाचं. दोन नळ्या, अंतर आणि केळं यांची एक रचना झाली. ही पुनर्रचना म्हणजेच मर्मदृष्टी.

म्हणजे ती आकाशातून पडते?

हा आक्षेप रास्त आहे आणि संशोधकांनीच तो घेतला. हर्बर्ट बर्च यांनी १९४५ मध्ये अशा चिंपांझींवर प्रयोग केला ज्यांना काठ्यांचा अनुभव जवळपास नव्हता. काठीने अन्न ओढून घेण्याचं सोपं कोडंही बहुतेकांना सुटलं नाही. मग त्यांना तीन दिवस काठ्यांशी नुसतं खेळू दिलं. पुन्हा तेच कोडं दिलं तर सगळ्यांनी झटक्यात सोडवलं. १९८४ मध्ये रॉबर्ट एप्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी तर कबुतरांना एकीकडे खोकं ढकलायला आणि दुसरीकडे खोक्यावर चढून खोट्या केळ्याला चोच मारायला शिकवलं. मग केळं उंच टांगलं, खोकं दूर ठेवलं. कबुतराने खोकं केळ्याखाली ढकलत आणलं आणि वर चढलं. सुलतानचा राखणदार तिथे असता तर त्यानेही 'मर्मदृष्टी' म्हटलं असतं.

तेव्हा अनुभवाचं भांडवल लागतंच. पण म्हणून सगळी कोडी सारखी नाहीत. १९८७ मध्ये जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड विबे यांनी लोकांना कोडी सोडवताना दर १५ सेकंदांनी विचारलं, उत्तराच्या किती जवळ आलात? बीजगणितात 'जवळ आलो' ही भावना पायरीपायरीने वाढत गेली. मर्मदृष्टीच्या कोड्यांत ती शेवटपर्यंत तशीच राहिली आणि उत्तर मिळालं तेव्हाच उसळली. सोडवणाऱ्याला स्वतःलाही आधी पत्ता नसतो.

हंड्यांचं कोडं : जी सोय, तीच अडचण

आता वहीत करून बघा. तीन हंडे : २१, १२७ आणि ३ मापांचे. १०० मापं पाणी हवं. १२७ भरा, त्यातून एकदा २१ आणि दोनदा ३ काढा, झालं. अशी पाच गणितं याच रीतीची द्या. मग हे द्या : २३, ४९ आणि ३, हवं २०. बहुतेक जण पुन्हा ४९ मधून २३ आणि दोनदा ३ वजा करतात. उत्तर बरोबर येतं. पण २३ मधून ३ काढले असते तरी २० च. याहून गमतीचं पुढचं : २८, ७६, ३, हवं २५. इथे जुनी रीत चालतच नाही. २८ मधून ३, एवढं साधं उत्तर, तरी कित्येक जण हात टेकतात. वेर्टहायमर यांचे विद्यार्थी अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ मध्ये हा अभ्यास छापला. ज्यांना आधीची पाच गणितं दिलीच नव्हती, त्यांना सोपी वाट लगेच दिसली.

कार्ल डुंकर यांनी हेच वस्तूंबाबत दाखवलं. मेणबत्ती भिंतीवर उभी करायची आहे. जवळ टाचण्यांची खोकी आणि काडेपेटी. खोकी रिकामी करून भिंतीला टोचली की तीच फळी होते. खोकी टाचण्यांनी भरून दिली तर लोक अडतात, रिकामी दिली तर जास्त जणांना सुटतं. भरलेली खोकी 'टाचण्या ठेवायची जागा' म्हणूनच दिसत राहते. विशेष म्हणजे अशाच प्रकारच्या कोड्यात पाच वर्षांची मुलं अडत नाहीत, पण सहा-सात वर्षांची अडू लागतात, असं टिम जर्मन आणि मार्गरेट डिफेटर यांना २००० मध्ये आढळलं. वस्तू 'कशासाठी' असते हे पक्कं झालं की ते विसरणं जड जातं.

'चौकटीबाहेर विचार करा' सांगून भागतं का?

कोचिंग क्लासवाल्यांचं लाडकं कोडं : नऊ ठिपके, तीन-तीनच्या रांगा, पेन न उचलता चार सरळ रेघांत सगळे जोडा. ठिपक्यांचा चौरस आपल्याला 'दिसतो' आणि आपण त्याबाहेर रेघ नेत नाही, हे गेस्टाल्टचं स्पष्टीकरण. पण रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ अल्बा यांनी १९८१ मध्ये लोकांना चौकोनाबाहेर जा, असं स्पष्ट सांगितलं. तरी अनेकांना ते सुटलं नाही. बाहेर जायची मुभा मिळाली म्हणून बाहेर कुठे वळायचं ते कळत नाही. नुसत्या त्या वाक्यावर उभी राहिलेली व्याख्यानं म्हणूनच मला पोकळ वाटतात.

मग मेंदूत काय चालतं?

इथे कोहलर यांचा अंदाज साफ चुकला. मेंदूत विजेची क्षेत्रं तयार होतात आणि त्यांचा आकार दिसणाऱ्या रचनेसारखा असतो, असं त्यांना वाटे. १९५१ मध्ये कार्ल लॅश्ली यांनी माकडांच्या मेंदूवर सोन्याचे पातळ पत्रे बसवून, आणि १९५५ मध्ये रॉजर स्पेरी यांनी मांजरांच्या मेंदूत धातूच्या तारा खोचून ही क्षेत्रं बिघडवायचा प्रयत्न केला. प्राण्यांच्या बघण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शिवाय 'नियम सांगता, कारण सांगत नाही' ही टीकाही या पंथावर झाली आणि ती बरोबर होती. त्यातच १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू असलेल्या वेर्टहायमर यांनी देश सोडला. कोहलर ज्यू नव्हते, पण प्राध्यापकांच्या हकालपट्टीविरुद्ध त्यांनी त्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात उघड लेख लिहिला आणि १९३५ मध्ये तेही अमेरिकेला गेले. कोहलर यांच्या हाताखाली भरभराटीला आलेली बर्लिनची मानसशास्त्र संस्था मोडली.

प्रश्न मात्र जिवंत राहिले. इटलीच्या गाएतानो कानिझा यांनी १९५५ मध्ये एक आकृती काढली : घास काढलेल्या तीन काळ्या चकत्या, आणि मध्ये पांढरा त्रिकोण, ज्याच्या कडा कागदावर नाहीतच. १९८४ मध्ये रुडिगर फॉन डर हाइट आणि सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूत दृष्टीच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर अशा पेशी सापडल्या, ज्या नसलेल्या कडेलाही खऱ्या कडेसारखा प्रतिसाद देतात. विजेची क्षेत्रं नव्हती, पण रचना लवकरच पकडली जाते हा मूळ मुद्दा पेशींच्या पातळीवर खरा ठरला.

वर्गात याचं काय करायचं?

वेर्टहायमर एका वर्गात जाऊन बसले. गुरुजींनी समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ शिकवलं होतं : लंब टाका, पाया गुणिले उंची. मुलं फटाफट उत्तरं देत होती. पाहुण्याने परवानगी घेऊन तोच आकार वेगळ्या बाजूवर उभा करून काढला. काही मुलांनी सवयीने लंब टाकले आणि गोंधळली. एकाने हात वर करून सांगितलं, हे आम्हाला अजून शिकवलेलं नाही. उलट साडेपाच वर्षांच्या एका मुलीला त्यांनी हाच आकार दिला. आयताचं क्षेत्रफळ तिला नुकतंच समजावलं होतं. ती आधी म्हणाली, मला नाही येत. मग एका टोकाकडे बोट दाखवून 'इथे बरोबर नाही', दुसऱ्या टोकाकडे 'इथेही नाही'. थोडं थांबून तिने कात्री मागितली, एका टोकाचा त्रिकोण कापला आणि दुसरीकडे बसवला. आयत तयार. इकडे जे जास्तीचं होतं तेच तिकडे कमी होतं, हे तिला दिसलं.

म्हणून पाढे पाठ करायचे नाहीत का, असं पालक विचारतात. जरूर करावेत. बर्चच्या चिंपांझींना काठ्या हाताळूनच काठ्या कळल्या. पाढे येत नसतील तर मुलाचं सगळं लक्ष गुणाकारातच खर्ची पडतं, आकाराकडे बघायला ते उरत नाही. अडचण पाठांतराची नाही. एकाच साच्याची दहा गणितं ओळीने दिली की मुलांचं लुचिन्सच्या हंड्यांसारखं होतं, तिथे आहे.

आणि एक चांगलं उदाहरण समजावून दिलं की मूल ते पुढे आपोआप वापरेल, हीही भाबडी आशा. मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० मध्ये डुंकर यांचंच एक कोडं घेतलं. पोटात गाठ आहे. तीव्र किरण सोडले तर वाटेतला निरोगी भागही जळतो, सौम्य सोडले तर गाठ जळत नाही. उत्तर : चहूबाजूंनी सौम्य किरण सोडून गाठीवर एकत्र आणायचे. नुसतं कोडं दिलं तर सुमारे १० टक्के लोकांना हे सुचलं. आधी एका सेनापतीची गोष्ट वाचायला दिली, ज्याने सुरुंग पेरलेल्या रस्त्यांवरून सैन्याच्या लहान तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी किल्ल्यावर पाठवल्या, तरी साधारण ३० टक्केच. 'त्या गोष्टीचा उपयोग होतो का बघा' एवढं म्हटल्यावर आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास गेला.

१९८३ मध्ये त्यांनीच पुढचं पाऊल टाकलं. याच धर्तीच्या दोन वेगळ्या गोष्टी दिल्या आणि दोन्हींत सारखं काय ते लिहायला लावलं. ज्यांना ते साम्य नीट मांडता आलं, त्यांना कोडं सूचनेशिवायही बऱ्याच जास्त प्रमाणात सुटलं. वर्गात हे करायला साहित्य काही लागत नाही. दोन गणितं झाली की तिसरं फळ्यावर लिहिण्याआधी विचारायचं, या दोघांत सारखं काय होतं, आणि आकड्यांविषयी आलेलं उत्तर मान्य करायचं नाही.